शॉर्ट सर्व्हिस संपत आल्यावर परराष्ट्र सेवेचा विचार : एका मेजरना उत्तर

प्रश्न विचारणारे अधिकारी पायदळात मेजर आहेत. शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारीपदाची, नऊ वर्षे झाली आहेत. दहावे संपताना मुदतवाढ घ्यायची की बाहेर पडायचे, हे त्यांना लवकरच कळवायचे आहे. वय ३३, पत्नी नाशिकला बँकेत, मुलगी पहिलीत. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत ते काही काळ होते आणि परराष्ट्र सेवेची ओढ तिथेच लागली, असे ते लिहितात. फौजेतल्या अनुभवावर परराष्ट्र सेवेत थेट प्रवेश मिळतो का, नसेल तर या वयात यूपीएससी द्यावी का, आणि तिथे गेल्यावर ही वर्षे कशात धरली जातात, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मीही शॉर्ट सर्व्हिस संपवून, परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. माझ्या वेळचे नियम आज चालत नाहीत. खाली दिलेल्या अटी अलीकडच्या अधिसूचनांतल्या आहेत, आणि अधिसूचना दरवर्षी नव्याने निघत असल्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीचाच मजकूर प्रमाण मानावा.

मेजरसाहेब, तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि खरा गुंता तिथेच आहे. तुम्हाला मुत्सद्दी व्हायचे आहे, की फौजेत कमावलेला अनुभव आंतरराष्ट्रीय कामात वापरायचा आहे? दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिल्या वाटेच्या दाराशी तुमच्या दहा वर्षांना कुणी विचारत नाही, तर दुसऱ्या वाटेवर तीच वर्षे तुमचे भांडवल ठरतात. हे आधी ठरले नाही, तर पस्तिशीत घरदार पणाला लावून तुम्ही अशा नोकरीत पोहोचाल, जिथे तुमचा अनुभव मागे टाकणे हीच पहिली अपेक्षा असेल.

थेट प्रवेश नाही. १९६२च्या युद्धानंतर आणीबाणीत कमिशन दिलेल्या अधिकाऱ्यांना सोडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्यासाठी नागरी सेवांमध्ये काही काळ राखीव जागा होत्या. ती सोय कधीच संपली. आज माजी सैनिकांसाठीचे केंद्र सरकारचे आरक्षण खालच्या गटांतील पदांपुरते आहे. परराष्ट्र सेवा 'अ' गटात येते आणि तिथे तुम्हाला मिळते ती फक्त वयाची सवलत. निवृत्त सेनानींना राजदूत केल्याची उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जनरल करिअप्पा १९५३ मध्ये निवृत्त होऊन ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला उच्चायुक्त झाले, अर्जन सिंग स्वित्झर्लंडला आणि मग केनियाला गेले, जनरल दलबीर सिंग सुहाग २०१९ मध्ये सेशेल्सला गेले. पण या नेमणुका सरकारच्या मर्जीच्या असतात आणि ही मंडळी आधी सेनादलांचे प्रमुख होती. सेनादलाचे प्रमुख कसे व्हावे, याबद्दल माझ्याकडे सल्ला नाही.

दूतावासातील डिफेन्स अताशेचे पद फौजेतल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते. ते सुरेख काम आहे. यजमान देशाच्या सेनादलांशी संबंध ठेवणे, प्रशिक्षणाच्या जागा, युद्धनौकांच्या भेटी, सामग्रीची खरेदी-विक्री आणि त्या देशाच्या लष्करात काय चालले आहे याचा अंदाज, असे त्याचे स्वरूप असते. २०२४ मध्ये पोलंड, आर्मेनिया, फिलिपिन्स आणि काही आफ्रिकी देशांत नवे अताशे नेमण्याचे ठरले, म्हणजे हे क्षेत्र वाढते आहे. मात्र अताशे हा सेनादलाचाच माणूस असतो. त्याची निवड सेनादलाचे मुख्यालय करते, बहुधा कर्नल किंवा ब्रिगेडियर पातळीवर, आणि मुदत संपली की तो परत फौजेत येतो. शॉर्ट सर्व्हिसमधून त्या पातळीपर्यंत पोहोचता येत नाही. पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत फौजेत राहण्याचा, पर्याय तुमच्यासमोर अजून खुला असेल आणि तुमची ओढ मुख्यतः लष्करी-राजनैतिक कामाची असेल, तर परराष्ट्र सेवेपेक्षा त्या पर्यायाचाच गंभीरपणे विचार करा, असे मी स्पष्ट सांगेन.

आता परीक्षेविषयी. तुमच्या बाबतीत अभ्यासापेक्षा कॅलेंडर जास्त निर्णायक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सर्वसाधारण प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३२ वर्षे आहे आणि वय परीक्षेच्या वर्षातील १ ऑगस्टला मोजतात. किमान पाच वर्षे सेवा करून नेमणुकीची मुदत पूर्ण झाल्यावर मुक्त झालेल्या अधिकाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत सवलत आहे, म्हणजे मर्यादा ३७वर जाते. ज्यांची मुदत त्या १ ऑगस्टपासून वर्षभरात संपणार आहे, त्यांनाही ही सवलत मिळते. समजा तुमची दहा वर्षे एखाद्या मार्चमध्ये पूर्ण होत आहेत; तर आदल्या वर्षीच्या परीक्षेला तुम्ही वर्दीत असतानाच सवलतीसह बसू शकता. हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि एक अख्खे वर्ष वाया जाते. इतर मागास प्रवर्ग किंवा अनुसूचित जाती-जमातींमधील उमेदवारांना त्यांची स्वतःची सवलत आणि ही सवलत एकत्र मिळते.

मुदतवाढ घेतलीत तर हिशेब बदलतो. चार वर्षे वाढवून घेऊन ३८व्या वर्षी बाहेर पडलात, तर सर्वसाधारण प्रवर्गात ही वाट संपलेली असेल. मूळ मुदतीनंतर वाढीव सेवेत असलेल्यांनाही, निवड झाल्यास तीन महिन्यांच्या सूचनेवर सोडू असे संरक्षण मंत्रालयाचे प्रमाणपत्र असेल, तर अर्ज करता येतो, अशी तरतूद नियमांत आहे. पण ते प्रमाणपत्र वेळेत हाती पडणे तुमच्या युनिटवर, वरच्या कचेऱ्यांवर आणि त्या वर्षीच्या अधिकारीटंचाईवर अवलंबून असते. त्याच्या भरवशावर मुदतवाढीचा अर्ज भरू नये. पर्मनंट कमिशनवाल्या वाचकांसाठी वेगळा इशारा देतो. 'मुदत पूर्ण करून मुक्त' या शब्दांत स्वेच्छेने लवकर घेतलेली निवृत्ती बसते का, हे राजीनामा लिहिण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. फौजेतला राजीनामा हा हक्क नसतो, तो मंजूर व्हावा लागतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

वयाची सवलत मिळते, प्रयत्नांची मिळत नाही. सर्वसाधारण प्रवर्गात सहाच प्रयत्न, आणि कमिशन मिळण्याआधी कॉलेजच्या दिवसांत गंमत म्हणून दिलेली पूर्वपरीक्षाही त्यात मोजली जाते. पूर्वपरीक्षेच्या एका जरी पेपरला बसलात तरी तो प्रयत्न धरला जातो. तुमचे मागचे प्रयत्न शून्य असले, तरी ३७च्या आत तुमच्या हाती तीन, फार तर चार संधी येतील. त्यातली पहिली वर्दीत असताना, म्हणजे अपुऱ्या तयारीनिशी जाईल.

तयारीबद्दल इतर ठिकाणी भरपूर लिहिलेले सापडेल, म्हणून फौजेतून येणाऱ्याला नडणाऱ्या गोष्टींपुरतेच लिहितो. मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस उत्तरे हाताने लिहायची असतात. दहा वर्षे संगणकावर पत्रे टंकलेल्या हाताला हा वेग सहजी येत नाही, आणि तो फक्त रोज लिहूनच येतो. दुसरे म्हणजे, ज्या विषयांत आपण तज्ज्ञ आहोत असे वाटते, त्यांतच आपले लोक गुण घालवतात. सीमाप्रश्न, बंडखोरी, शेजारी देश यांवरची उत्तरे ते ठाम एकाच बाजूने लिहितात, तर परीक्षकाला प्रश्नाच्या चारही बाजू आणि त्यांतला ताण हवा असतो. पेपर मराठीतून लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीतून देता येते. मात्र पुढची सारी नोकरी इंग्रजी मसुद्यांवर चालते, म्हणून इंग्रजी लेखनाचा सराव परीक्षेच्या बाहेर तरी ठेवाच. परराष्ट्र सेवेच्या जागा दरवर्षी काही डझनांतच असतात. पसंतीक्रमात ती पहिली लिहिलीत आणि क्रमांक थोडा खाली आला, तर महसूल किंवा लेखा सेवा मिळू शकते. ती मिळाली तर घ्यायची की नाही, हे पत्नीशी आत्ताच बोलून ठेवा. निकालाच्या दिवशी ते नीट बोलता येत नाही.

तिसरा प्रश्न, फौजेतली वर्षे कशात धरतात. ज्येष्ठतेत धरत नाहीत. तुम्ही तुमच्या बॅचचे असाल, आणि त्या बॅचमध्ये चोविशी-पंचविशीची मुले-मुली असतील. तुमच्या जागेचा वरिष्ठ तुमच्याहून सहा-सात वर्षांनी लहान असणे ही रोजची गोष्ट असेल. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात सेवेची पहिली पायरी ५६,१०० रुपये मूळ वेतनाची आहे, म्हणजे लेफ्टनंट ज्या पायरीवर असतो तीच. मेजरची पायरी ६९,४००पासून सुरू होते आणि त्यावर दरमहा १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन असते, जे बाहेर पडताच थांबते. परदेशी नेमणुकीत परदेश भत्ता मिळतो तेव्हा हा फरक जाणवत नाही. दिल्लीतल्या वर्षांत जाणवतो. पुढचा हिशेबही करून पाहा. ३६व्या वर्षी रुजू झालात, तर साठीपर्यंत २४ वर्षे मिळतात. एवढ्यात सहसचिवाची पातळी आणि एखाद्या देशातील राजदूतपद गाठणे शक्य असते. सचिवपदाची आशा मात्र धरू नये. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही, पण बॅचमधल्या धाकट्या सहकाऱ्यांना पुढे जाताना पाहणे प्रत्येकाला जमतेच असे नाही.

कागदावर धरत नसले, तरी कामात ही वर्षे दिसतात. कुठे उपयोगी पडतात आणि कुठे आड येतात, हे मला सर्वात महत्त्वाचे वाटते.

दूतावासातील कनिष्ठ अधिकाऱ्याचे काम मेजवान्या आणि वाटाघाटींचे असते, असा समज आहे. आखातातल्या एखाद्या वकिलातीत कॉन्सुलर विभागाची, म्हणजे तिथल्या भारतीयांची कामे पाहणाऱ्या विभागाची, सकाळ पाहा. शवागारातून फोन येतो की एक भारतीय कामगार गेला आहे. मग रुग्णालयाचा मृत्यू दाखला, पोलिसांची हरकत नसल्याचा कागद, गावाकडच्या वारसाचे संमतिपत्र, मालकाकडून थकलेला पगार आणि तिकिटाचा खर्च, पासपोर्ट रद्द करून त्यावर शिक्का, शव जतन केल्याचा दाखला, वकिलातीचे ना हरकत पत्र आणि विमानातली जागा, हे सगळे जुळवायचे असते. मालक फोन उचलत नाही, सरकारी कचेरी दुपारी बंद होते, आणि गावाहून दर तासाला कुणाचा तरी रडवेला आवाज येतो. ज्याने शहीद जवानाचे शव घरी पोहोचवण्याची व्यवस्था केली आहे, त्याला इथे वेगळे शिकवावे लागत नाही. संकटात माणसे बाहेर काढण्याच्या कामातही तसेच. २०१५ मध्ये येमेनमधून साडेचार हजारांहून अधिक भारतीय नौदल, हवाई दल आणि परराष्ट्र खात्याने मिळून बाहेर काढले, तेव्हा जिबूतीत तळ ठोकून बसलेले परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग हे माजी लष्करप्रमुख होते. अशा वेळी सेनादलांची भाषा आणि कामाची पद्धत जाणणारा अधिकारी वकिलातीला सोन्यासारखा वाटतो.

आड येते ती निष्कर्षाची सवय. फौजेत आपण परिस्थितीचा आढावा लिहितो तो उद्दिष्ट, घटक, पर्याय आणि शिफारस या क्रमाने, आणि शिफारस ठाम नसेल तर कमांडर कागद परत करतो. परराष्ट्र खात्यात यजमान अधिकाऱ्याशी झालेल्या बोलण्याची नोंद त्याच संध्याकाळी दिल्लीला जाते. तिचे मोल समोरचा नेमके कोणत्या शब्दांत बोलला, कोणता मुद्दा त्याने स्वतःहून काढला आणि कोणता विचारूनही टाळला, यात असते. 'ते तयार आहेत' असे लिहिणे सोपे असते. पण 'हरकत नाही' म्हणाला की 'पाहू' म्हणाला, यावर दिल्ली पुढचे पाऊल ठरवते. निर्णय तुमचा नसतो, सूचना येईपर्यंत थांबायचे असते, आणि कधी कधी ती येतच नाही, तेव्हा न येणे हीच सूचना समजायची असते. हुकूम देऊन काम करवून घेण्याची ज्याला सवय आहे, त्याला पहिली दोन-तीन वर्षे हे फार चिडवते. ज्याला शांतिसेनेतल्या चौकीवर दोन्ही बाजूंचे ऐकून घेण्यात रस वाटला होता, त्याला ते लवकर जमते. तुमच्या पत्रात त्या मोहिमेबद्दल दोनच ओळी आहेत. तिथल्या कामातला कोणता भाग आवडला, हे स्वतःशी प्रामाणिकपणे आठवा. गस्त, छावणीची व्यवस्था आणि शिस्त आवडली असेल, तर ती फौजेत आहेच. गावच्या मुखियाशी आणि बंडखोरांच्या माणसाशी तासन्‌तास बोलणे आवडले असेल, तर परराष्ट्र सेवेचा विचार करायला आधार आहे.

ही दोन कामे एकमेकांना अगदीच परकी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. १९५३-५४ मध्ये कोरियात कोल्हापूरच्या एस. पी. पी. थोरातांनी भारतीय ताबा दलाचे नेतृत्व केले. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांना, दोन्ही बाजू आपापला हक्क सांगत असताना, बळ न वापरता सांभाळायचे, असे ते काम होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सतीश नंबियार १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे पहिले सेनापती होते. लडाखमध्ये चीनशी झालेल्या तणावात सप्टेंबर २०२० पासून दोन्ही सैन्यांच्या कोअर कमांडरांच्या चर्चेत परराष्ट्र मंत्रालयाचे सहसचिवही बसू लागले. पण थोरात आणि नंबियार वर्दीतच होते, आणि लडाखच्या टेबलावर दोन खात्यांची दोन वेगळी माणसे बसली, ही गोष्टही ध्यानात घ्यावी.

याचसाठी दुसरी वाट तुमच्यापुढे ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी पदांच्या जाहिराती पाहिल्यात, तर पी-३ या श्रेणीच्या पदाला साधारणतः पाच आणि पी-४ ला सात वर्षांचा संबंधित अनुभव, आणि त्यासोबत पदव्युत्तर पदवी मागितलेली दिसेल. म्हणजे यूपीएससीत ज्या दहा वर्षांना गुण नाहीत, ती इथे पात्रतेची अट पूर्ण करतात. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती सशस्त्र दलांशी संवाद ठेवण्यासाठी माजी अधिकाऱ्यांना घेते. या नोकऱ्या बहुधा कराराच्या असतात, जागा खडतर असतात, स्पर्धा जगभरची असते आणि तुम्ही भारताचे प्रतिनिधी नसता. ही शेवटची गोष्ट काहींना फार टोचते, काहींना मुळीच नाही. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर दारे वेगाने उघडतात. पदव्युत्तर पदवी नसेल, तर ती उरलेल्या सेवेत दूरस्थ पद्धतीने सुरू करता येईल, आणि ती परीक्षेच्या वैकल्पिक विषयालाही पूरक ठेवता येईल, उदाहरणार्थ राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध.

कुटुंबाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण प्रश्नात ते एका ओळीत उरकले आहे. परराष्ट्र सेवेत पहिल्या काही वर्षांत मसुरी, दिल्ली, आणि मग ज्या देशात नेमून दिलेली भाषा शिकायची तिथे बदली, असा क्रम असतो. भाषा चिनी, जपानी, अरबी किंवा रशियन यांपैकी कोणतीही असू शकते, आणि तिची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम होता येत नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर चिनी लिपी पाठ करणे अशक्य नाही, पण बॅचमधल्या पंचविशीच्या पोरांपेक्षा दुप्पट वेळ द्यावा लागतो. पत्नीला परदेशात नोकरी करता येईल का, हे त्या देशाशी भारताचा तसा करार आहे का यावर अवलंबून असते. बँकेतून बिनपगारी दीर्घ रजा मिळते का, हे त्यांनी आत्ताच विचारावे. मुलीची शाळा दर तीन वर्षांनी बदलेल; फौजी मुलांना त्याची सवय असते, पण केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी स्कूल प्रत्येक राजधानीत नसते. महाराष्ट्रात नेमणूक मिळणे दुर्मीळच, मुंबईच्या विदेश भवनात किंवा पुणे-नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात मिळाली तर. नाशिकला घर राहील, पण त्या घरात राहणे निवृत्तीनंतरच होईल.

आत्तापर्यंतचे थोडक्यात असे, की थेट प्रवेश नाही. परीक्षा द्यायची असेल तर मुदतवाढ न घेता ३७च्या आत तीनेक प्रयत्न. ज्येष्ठता शून्यापासून, आणि लष्करी सेवा वेतन बंद. आणि अनुभवाचे मोल हवे असेल तर ते संयुक्त राष्ट्रांच्या वाटेवर जास्त. माझा कल विचाराल, तर मुदतवाढ नाकारावी, सेवेच्या शेवटच्या वर्षातला पहिला प्रयत्न द्यावा, आणि बाहेर पडल्यावर पूर्णवेळ अभ्यासाची दोनच वर्षे स्वतःला द्यावीत, ती संयुक्त राष्ट्रांच्या अर्जांसह. तिसरे पूर्णवेळ वर्ष देऊ नये. शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नसते, आणि मिळालेली ग्रॅच्युइटी पुण्यातल्या अभ्यासिकेच्या आणि खोलीच्या भाड्यात विरघळताना मी अनेकांची पाहिली आहे. हे मत बदलू शकेल अशा तीन गोष्टी प्रश्नात नाहीत: तुमचा प्रवर्ग, आधी दिलेल्या पूर्वपरीक्षांची संख्या, आणि पर्मनंट कमिशनसाठी तुमचा विचार झाला आहे का. त्या कळवल्यात, तर पुढचे वर्ष कसे आखावे हे अधिक नेमके लिहिता येईल. त्याआधी युनिटच्या ऍडज्युटंटकडून मुदत संपण्याची अचूक तारीख लेखी घ्या, कारण वरचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.